मेन बंद, तरी बोर्डात वीज: घरातला इन्व्हर्टर सुरक्षितपणे बसवण्याविषयी

घणसोलीकर (धागालेखक)

मागच्या पंधरवड्यात आमच्या घरी जे घडले ते सविस्तर लिहितो आहे. इन्व्हर्टर असलेल्या पुष्कळ घरांत हीच रचना असेल आणि हाच धोका दडलेला असेल, अशी शंका मला आता येऊ लागली आहे.

आमचे घर घणसोलीत आहे, तळमजला आणि वर एक मजला. चार वर्षांपूर्वी जिन्याखाली ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी बसवली. वरच्या मजल्याच्या पॅसेजमधला एक स्विच नीट बसत नव्हता, म्हणून वायरमनला बोलावले. त्याने रीतसर मेनची एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली केली, जवळच्या गिझरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घालून दिवा लागत नाही याची खात्री केली आणि बोर्ड उघडला. गिझरचे सॉकेट इन्व्हर्टरवर नव्हते, पण पॅसेजचा दिवा होता. फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला बोट लागताच तो स्टुलावरून मागे फेकला गेला. कोपर सोलवटले आणि खांद्याला मुका मार लागला, एवढ्यावर निभावले. मागे जिना होता, हे आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मेन बंद होताच जिन्याखाली इन्व्हर्टरने नेहमीप्रमाणे एक बीप दिली होती. ती मी ऐकली होती, वायरमनने ऐकली होती, घरातल्या सगळ्यांनीच ऐकली होती. पण वीज गेली की ती बीप होतेच, या सवयीने तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. बाहेरची वीज बंद झाली आणि घरातली वीज चालू झाली, एवढाच त्या आवाजाचा अर्थ होता.

इन्व्हर्टर बसवणाऱ्याने तेव्हा कोणती सर्किट इन्व्हर्टरवर घेतली आहेत याची नोंद डीबीवर (घरभर वीज वाटणाऱ्या एमसीबींच्या पेटीवर) लिहिली नव्हती, आणि मीही ती मागितली नव्हती. आता सगळी जोडणी नव्याने करून घ्यायची ठरवली आहे. या क्षेत्रातल्या जाणकारांनी काय काय तपासून घ्यावे ते सांगावे, ही विनंती.


निवृत्त_अभियंता

वायरमन सुखरूप आहे हे वाचून हायसे वाटले. तुमच्या वर्णनावरून काय झाले असावे ते सांगतो.

तुमच्याकडे मेनला फक्त फेज तोडणारी एक पोलची एमसीबी असावी. ती खाली केली तरी न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार, जोडलेलीच राहते, आणि ही न्यूट्रल महावितरणच्या रोहित्रापाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) जमिनीला जोडलेली असते. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरमध्ये आत येणारी आणि बाहेर जाणारी न्यूट्रल एकच असते. त्यामुळे बॅटरीवर तयार झालेल्या २३० व्होल्टच्या फेजला हात लागला की शरीरातून जमिनीकडे आणि तिथून न्यूट्रलमार्गे परत इन्व्हर्टरकडे अशी पूर्ण वाट तयार होते. बॅटरी १२ व्होल्टची असली, तरी बोर्डात येणारा धक्का महावितरणच्या विजेइतकाच जीवघेणा असतो.

आता एक प्रश्न, आणि त्याचे उत्तर जरूर द्या. तुमच्या डीबीत आरसीसीबी, म्हणजे वीज शरीरातून जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का? असल्यास, इन्व्हर्टर बसवल्यानंतर ती वरचेवर उडत होती का? हे विचारण्याचे कारण असे की इन्व्हर्टरच्या सर्किटची फेज वेगळी काढली आणि न्यूट्रल मात्र बाकीच्या घराच्या न्यूट्रलमध्येच मिसळली, तर आरसीसीबीमधून जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा राहत नाही आणि ती विनाकारण उडू लागते. मग ग्राहक तक्रार करतो, आणि जोडणी दुरुस्त करण्याऐवजी आरसीसीबीलाच वगळून दिले जाते. घरातले माणसाचा जीव वाचवणारे एकमेव उपकरण अशा रीतीने निकामी होते आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

योग्य रचना अशी की इन्व्हर्टरवरच्या सर्किटची फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा उगमापासून वेगळ्या असाव्यात, त्यांच्यासाठी वेगळा लहान डीबी असावा, आणि त्यात दोन पोलचा आयसोलेटर (फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्विच) व ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी असावी. आयसोलेटर कशासाठी, असे काही जण विचारतात. बहुतेक इन्व्हर्टरचे समोरचे बटण बंद केले तर फक्त बॅकअप थांबतो, बाहेरची वीज मात्र आतून तशीच पुढे जात राहते. म्हणून ते बटण म्हणजे सुरक्षित बंद करण्याचे साधन नव्हे. बोर्ड उघडायचा असेल तर मेन आणि इन्व्हर्टरचा आयसोलेटर असे दोन्ही बंद करायचे, आणि ज्या बोर्डात हात घालायचा आहे त्याच बोर्डात तपासणी करायची. तपासणीआधी टेस्टर चालू बिंदूवर लावून तो स्वतः ठीक आहे याचीही खात्री करावी.

आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा, बॅकअप चालू असतानाही दाबून पाहावे. मात्र ते बटण आतली यंत्रणा उडते एवढेच सांगते. बॅकअपवर असताना न्यूट्रल आणि अर्थिंगची (जमिनीला जोडलेली) तार यांचा संबंध टिकून आहे की नाही, हे मीटर लावूनच कळते. परवानाधारक तारतंत्र्याकडून हे मोजून घ्या. आणि फेज व न्यूट्रल या दोन्हींना एकाच वेळी हात लागला तर कोणतीही आरसीसीबी वाचवू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा.


घणसोलीकर (धागालेखक)

सर, तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. आज डीबीचे झाकण उघडून घेतले. आरसीसीबी जागेवर दिसते, पण तिच्या दोन्ही तारा काढून थेट पुढे जोडलेल्या आहेत. इन्व्हर्टर बसवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ती तीन-चार वेळा उडाली होती आणि बसवणारा येऊन ‘सेटिंग’ करून गेला होता, हे पत्नीला आठवले. म्हणजे गेली चार वर्षे आम्ही संरक्षणाशिवाय राहत होतो. मन फार अस्वस्थ झाले आहे.


सावली

माझा प्रश्न जागेचा आहे. आम्ही कोपरखैरण्यात वन रूम किचनमध्ये राहतो. घरात सासूबाई असतात आणि मुलगी दहावीला आहे, म्हणून इन्व्हर्टर घ्यायचे ठरवले आहे. दुकानदाराने दोन जागा सुचवल्या: एक देवघराच्या कपाटाखालचा बंद कप्पा, आणि दुसरी ड्राय बाल्कनी, जिथे सध्या गॅसचे सिलिंडर आणि वॉशिंग मशीन आहे. यांपैकी कोणती जागा चालेल?


येऊरचा_वारा

ताई, बॅटरी ओल्या प्रकारची, म्हणजे पाणी घालावी लागणारी असेल, तर आहे त्या स्थितीत यांपैकी एकही जागा योग्य नाही. बॅटरीचे दुकान मी पंधरा वर्षे चालवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चार्जिंग पूर्ण होत आले की बॅटरीतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ते मिश्रण एका ठिणगीने पेट घेते. मोकळ्या, वारा खेळत्या जागेत हा वायू सहज निघून जातो, पण बंद कप्प्यात तो वर साठतो. आणि तुमच्या कप्प्याच्या अगदी वर समई, निरांजन आणि उदबत्ती असणार. ड्राय बाल्कनीत वारा आहे, पण सिलिंडर शेजारी आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली जमिनीलगत पसरतो, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा इन्व्हर्टरच्या रिलेमध्ये ठिणगी पडू शकते. सिलिंडर दुसरीकडे हलवता येत असेल आणि पावसाचे तुषार आत येणार नाहीत अशी आडोशाची व्यवस्था होत असेल, तर बाल्कनीचा विचार करावा. ते जमत नसेल, तर दाराच्या वाटेत न येणारा, खिडकीजवळचा, ऊन न लागणारा कोपरा शोधा. झोपण्याच्या जागेच्या उशाशी मात्र नको.

बॅटरी थेट लादीवर न ठेवता ट्रॉलीवर ठेवावी. वजन पन्नास-साठ किलो असते, ती आडवी होता कामा नये आणि एकट्याने उचलू नये.

पाण्याविषयी. पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट लाल खुणेकडे गेला की फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. एसीतून ठिबकणारे पाणी, फिल्टरचे पाणी किंवा उकळून गार केलेले पाणी यांतले क्षार आणि धूळ प्लेटा खराब करतात. आणि ‘बॅटरी उतरली आहे, थोडे ॲसिड टाका’ असे कोणी सांगितले, तर ऐकू नये, कारण बॅटरीतून उडून जाते ते पाणी, ॲसिड नव्हे. पाणी हिरव्या खुणेपर्यंतच भरावे. काठोकाठ भरले की चार्जिंगच्या वेळी ते उसळून ॲसिडसह बाहेर येते.

आपल्याकडे खाडीची दमट हवा आहे, त्यामुळे टर्मिनलवर पांढरट-हिरवट चूर्ण लवकर धरते. ते पुसायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, हे सांगतो, कारण नेमके इथेच हात भाजतात. आधी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढावा आणि खिडकी उघडावी. हातातल्या बांगड्या, अंगठी, धातूचा पट्टा असलेले घड्याळ उतरवावे, आणि गळ्यातले मंगळसूत्र लोंबत असेल तर तेही काढून ठेवावे. पान्ह्याचे फक्त तोंड उघडे ठेवून बाकी दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. दोन्ही टर्मिनलवर एकाच वेळी धातू टेकला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. पान्हा तिथेच चिकटतो आणि लाल होतो, हे मी दुकानात डोळ्यांनी पाहिले आहे. आधी निगेटिव्हची तार सोडवावी, मग पॉझिटिव्हची. जोडताना उलट, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. चूर्णावर खाण्याच्या सोड्याचे पाणी ब्रशने लावून ओल्या फडक्याने पुसावे, पण ते पाणी व्हेंट प्लगमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणांतून) आत जाऊ देऊ नये. कोरडे झाल्यावर नट घट्ट करून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर वाहत्या पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे धुवावे. डोळ्यात गेले तर पाण्याची धार चालू ठेवून तसेच दवाखान्यात जावे. सोडा फक्त लादीसाठी आहे, डोळ्यासाठी किंवा कातडीसाठी नाही.


निवृत्त_अभियंता

वरील प्रतिसादात नट घट्ट करण्याचा उल्लेख आला आहे, त्याला आकडेवारीची जोड देतो. घरात ४०० वॉटचा भार असेल तर २३० व्होल्टच्या बाजूला पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो. पण तीच शक्ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून ओढताना, इन्व्हर्टरमधली तूट धरून, सुमारे ४० अँपिअर प्रवाह लागतो. सैल लगचा (तारेच्या टोकाच्या धातूच्या जोडाचा) रोध केवळ ०.०१ ओहम असला तरी त्या एका बिंदूवर १६ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्न तिथे सतत तापत ठेवल्यासारखे. अशाने आधी तारेचे आवरण मऊ होते, मग वितळते. बॅकअप अर्धा तास चालल्यावर टर्मिनलजवळच्या तारेचे आवरण हाताच्या पाठीने हलके स्पर्शून पाहावे, मात्र उघड्या धातूला हात लावू नये. आवरण गरम लागले तर जोड तपासून घ्यावा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच योग्य क्षमतेचा डीसी फ्यूज असावा, हे पुष्कळ ठिकाणी राहून जाते.


पारसिक

कळव्याला आमचे घर तळमजल्यावर आहे आणि पावसाळ्यात गटार तुंबले की घरात पाणी येते. दोन वर्षांपूर्वी रात्री पाणी घोट्यापर्यंत चढले. बाहेरचा पुरवठा तोवर बंद झालेला होता, म्हणून आम्ही सगळे निर्धास्तपणे सामान वर उचलत होतो. पण इन्व्हर्टर चालू होता, आणि टीव्हीच्या मागचा एक्स्टेन्शन बोर्ड पाण्यापासून चार बोटांवर लोंबत होता. शेजारच्या काकांनी दारातूनच ओरडून विचारले, ‘इन्व्हर्टर बंद केला का?’ तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. पाणी इन्व्हर्टरपर्यंत पोचले नव्हते म्हणून तो बंद करता आला. आता ट्रॉलीखाली सिमेंटचे ठोकळे देऊन ती दीड फूट उंच घेतली आहे, आणि पाणी उंबऱ्याला लागताच मेनबरोबर इन्व्हर्टर बंद करायचा, असे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवले आहे.


निवृत्त_अभियंता

पारसिक, तुमचा अनुभव प्रत्येक तळमजल्यावाल्याने वाचावा असा आहे. एक भर घालतो: पाणी इन्व्हर्टरच्या किंवा बोर्डाच्या पातळीला आधीच लागले असेल, तर बंद करण्यासाठीही पाण्यात उतरू नये. बाहेर पडावे आणि माहितगार माणसाला बोलवावे. पाणी ओसरल्यावर उपकरण कोरडे दिसले तरी तपासल्याशिवाय चालू करू नये.


सानपाड्याहून

आमच्या बाबांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई असा सगळा भाग एकदम अंधारात गेला होता. तसे पुन्हा घडले तर काय, या काळजीने विचारते आहे. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारे यंत्र किती वेळ चालेल?


येऊरचा_वारा

ताई, १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही तूट होते, म्हणून नव्या बॅटरीतून हाती साधारण ११५० धरावेत. पाच लिटरचे यंत्र बहुधा ३०० ते ३५० वॉट घेते, म्हणजे तीन तासांच्या जवळपास, तेही दुसरे काहीच चालू नसेल तर. शिवाय बॅटरीवर छापलेली क्षमता वीस तासांत सावकाश वापरण्याची असते. भार जास्त असला की ती त्याहून कमी भरते, आणि बॅटरी जुनी झाली की आणखी घटते. प्युअर साइन वेव्हचाच (महावितरणच्या विजेसारखी सलग लहर देणारा) इन्व्हर्टर घ्या, कारण स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसरची मोटर तापते. यंत्र सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढते, तेव्हा इन्व्हर्टरच्या क्षमतेत तेवढी मोकळीक हवी. आणि कृपा करून भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, रेग्युलेटर व नळीसह, हाताशी ठेवाच. बॅटरी हा पहिला आधार आहे, शेवटचा नाही. सिलिंडर बॅटरीपासून आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून दूर ठेवा.


खारघरवासी

लिथियम बॅटरी घेतली तर पाणी, ॲसिड, वायू हे सगळे प्रश्न सुटतात ना? मग ओली बॅटरी घ्यावीच कशाला?


निवृत्त_अभियंता

पुष्कळसे सुटतात, पण त्यांच्या जागी वेगळी पथ्ये येतात. घरगुती वापरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार घ्यावा. इतर लिथियम प्रकारांच्या तुलनेत तो उष्णतेला अधिक स्थिर असतो. या बॅटरीत बीएमएस नावाचे नियंत्रक मंडल असते, ते प्रत्येक सेलवर लक्ष ठेवते. जुन्या इन्व्हर्टरला मात्र ती तशीच जोडू नये. इन्व्हर्टरवर लिथियमचा पर्याय नसेल तर चार्जिंगचे व्होल्टेज जुळत नाही. सुट्या सेल जोडून घरगुती पॅक बनवून देणाऱ्यांपासून दूर राहावे. पॅक फुगला, विचित्र वास आला किंवा धूर दिसला, तर शक्य असल्यास मेन बंद करून सगळ्यांनी घराबाहेर पडावे आणि १०१ वर फोन करावा; ती आग विझवल्यासारखी वाटली तरी पुन्हा पेटू शकते. ओल्या बॅटरीला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ती जास्त चार्ज होते आहे असे समजावे, लांबच्या एमसीबीवरून चार्जिंग बंद करावे, खिडक्या उघडाव्यात आणि जवळ काडी पेटवू नये.


घणसोलीकर (धागालेखक)

रविवारी काम पूर्ण झाले, म्हणून कळवतो. परवानाधारक तारतंत्र्याने इन्व्हर्टरच्या चार सर्किटच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वेगळ्या केल्या, जिन्याजवळ लहान डीबी बसवला, त्यात आयसोलेटर आणि आरसीसीबी दिली. मुख्य डीबीतली वगळलेली आरसीसीबीही पुन्हा जोडली, आणि जोडणी सुधारल्यापासून ती एकदाही उडालेली नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट शोधली: हॉलच्या बोर्डात इन्व्हर्टरची फेज आणि साधी फेज एका स्विचवर लूप झालेल्या, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या होत्या. अशा जोडणीतून बॅकअपची वीज उलटी बाहेरच्या वाहिनीत जाऊ शकते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला ती लागू शकते, हे ऐकून आम्ही सगळे स्तब्ध झालो. ती लूप तोडली.

नंतर मेन आणि आयसोलेटर दोन्ही बंद करून प्रत्येक बोर्ड तपासला, मग एकेक चालू करून कोणत्या खोलीत काय जिवंत होते ते लिहून काढले. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून दोन्ही डीबींच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. बाहेरून पत्नीने लाल रंगात लिहिले आहे: ‘या घरात इन्व्हर्टर आहे. मेनबरोबर जिन्याजवळचा आयसोलेटरही बंद करा.’ जुनी बॅटरी उतरत आली होती. ती भंगारवाल्याला न देता नवी घेतानाच विक्रेत्याकडे जमा केली. शिसे आणि ॲसिड उघड्यावर पडू नये, म्हणून २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत जुनी बॅटरी परत घेण्याची सोय आहे.

ज्याला धक्का बसला होता तो वायरमनही परवा येऊन सगळे पाहून गेला. त्याचा खांदा आता बरा आहे.


सावली

सर्वांचे मनापासून आभार. सिलिंडर स्वयंपाकघरात ओट्याखाली, जाळीच्या दाराआड हलवता येतो आहे, त्यामुळे बॅटरी बाल्कनीत ठेवायची ठरली. दुकानदार म्हणतो की इन्व्हर्टर हॉलमध्ये भिंतीवर लावू आणि बॅटरीची तार पंधरा फूट वाढवून देऊ. हे चालेल का?


निवृत्त_अभियंता

नको. बॅटरीची तार जितकी आखूड तितकी चांगली. लांब तारेत व्होल्टेज पडते आणि ती तापते. इन्व्हर्टर बॅटरीजवळच, पण तिच्या थेट वर नाही तर बाजूला ठेवा, आणि लांबवायचीच असेल तर २३० व्होल्टची बाजू लांबवा. बसवून झाले की मेन खाली करून कोणते दिवे चालू राहतात, ते दुकानदाराचा माणूस घरात असतानाच लिहून घ्या.